लिंबू लावलेले गुडघे : दहा वर्षांच्या एका मुलीचे प्रकरण

2025 च्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या आठवड्यात धाराशिव जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून एक मुलगी आमच्याकडे, म्हणजे किशोरवयीनांसाठी चालणाऱ्या मैत्री क्लिनिककडे, पाठवण्यात आली. तिला नुकतेच दहावे वर्ष पूर्ण झाले होते. दोन्ही गुडघ्यांवर आणि डाव्या कोपरावर भाजल्यासारखे लाल चट्टे होते, त्यांत बारीक फोड आले होते, आणि एका गुडघ्यावरून पोटरीकडे पाण्याचा ओघळ जावा तसा एक लाल पट्टा उतरला होता. रात्री काहीतरी चावले असावे, असे आईचे म्हणणे होते. डॉक्टरांनी त्या ओघळाकडे नीट पाहिले आणि मुलीला विचारले, "लिंबू लावलं होतंस का गं?" त्यावर मुलगी रडू लागली.

लिंबाच्या रसात आणि सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती कातडीवर असताना ऊन लागले की उन्हातील अतिनील किरणांशी त्यांची क्रिया होते, कातडी भाजते, दोनतीन दिवसांत फोड येतात आणि ते बरे झाल्यावर त्या जागी गडद डाग राहतात, जे जायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. मुलीने तीन दिवस दुपारी घरातले सगळे झोपले असताना अर्धे लिंबू गुडघ्यांवर आणि कोपरांवर चोळले होते आणि 'मुरावं' म्हणून ती गच्चीवर उन्हात बसली होती. धाराशिवचे मार्चअखेरचे दुपारचे ऊन कसे असते, हे येथील वाचकाला सांगायला नको. गोरे होण्यासाठी केलेल्या उपायाने गुडघे आणखी काळे होणार होते, आणि ते तिला सांगण्याचे काम क्लिनिकची समुपदेशक म्हणून माझ्या वाट्याला आले.

मुलीची आणि घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. घरात आई, वडील, आजी, आत्या, ही मुलगी आणि तिची सहा वर्षांची धाकटी बहीण अशी सहा माणसे. वडिलांचा मालवाहू टेम्पो आहे आणि आई घरी शिवणकाम करते. मुलगी पाचवीत, अभ्यासात बरी आणि खो-खोमध्ये चांगली. या जिल्ह्यात खो-खोला जे स्थान आहे ते बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली आणि 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे याच जिल्ह्याची, आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला तेव्हा या मुलीने तो सामना शेजारच्यांच्या मोबाइलवर पाहिला होता. अशी मुलगी फेब्रुवारीच्या मध्यापासून मैदानावर जायला नको म्हणू लागली. "हिला मैदान म्हणजे जीव की प्राण होतं मॅडम, आन् आता नकोच म्हणायलीय," असे आईने सांगितले. कारण विचारले की मुलगी एकच उत्तर देत असे : "मी काळी पडायलेय."

हे उत्तर घराला पटले, याचे मला नवल वाटले नाही. उत्तर घरातलेच होते. फेब्रुवारीत आत्याला बघायला दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले होते आणि त्यासाठी बायोडेटा छापून आणला होता. त्यात जन्मनाव, उंची, रक्तगट, देवक, कुलदैवत (अर्थातच तुळजाभवानी) आणि मामाचे गाव यांच्या मधोमध 'वर्ण : निमगोरा' अशी ओळ होती. मुलीने आईला विचारले, निमगोरा म्हणजे काय. आई हसून म्हणाली, "म्हणजे आपल्या आत्यासारखं सावळं, पण कागदावर असं लिहायचं असतंय." आईच्या दृष्टीने ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट होती. दहा वर्षांच्या मुलीने मात्र त्यातून एक अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष काढला : आपल्याकडे जे आहे ते लपवायचे असते, आणि मोठी माणसेसुद्धा ते कागदावर खोटे लिहितात. पुढे तिने स्वतःच मला आईच्या मोबाइलमधला एक फोटो दाखवला. तालुक्याच्या स्पर्धेनंतर हातात ढाल घेऊन ती उभी आहे. आईने स्टेटसला ठेवण्याआधी तो फोटो एका ॲपमधून काढला होता आणि त्या ॲपने चेहरा दुधासारखा पांढरा केला होता, पण ढाल धरलेले हात तसेच राहिले होते. "हे तोंड कुणाचंय?" असे तिने मला विचारले. मी त्यावर काही बोलले नाही आणि तेव्हा तेच बरे होते.

पहिल्या भेटीत मी दोन गोष्टी केल्या, त्यांतली एक बरोबर आणि एक चूक ठरली. बरोबर ठरलेली अशी की आईच्या संमतीने मी मुलीशी एकटीशी बोलले. आवडीचे ठिकाण अचानक सोडणारी आणि अंग चोरून बसणारी मुलगी समोर आली की कुणी त्रास दिला आहे का, कुणी नको तसा हात लावला आहे का, हे समुपदेशकाने पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत पण घाई न करता विचारायलाच हवे. तसे काही आढळले असते तर मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार ते कळवणे माझ्यावर बंधनकारक होते. तसे काही नव्हते. मोठ्या गटातल्या मुलींनी एकदा 'काळीढुस्स' म्हटले होते, तेही सगळ्याच मुली एकमेकींना म्हणत होत्या तेव्हा.

चूक अशी की मी आईला सांगितले, आजपासून घरात 'काळी' हा शब्दच काढायचा नाही. आठवड्याने आई परत आली ती वैतागून. घरातली माणसे बोलता बोलता त्या शब्दाशी येऊन थबकू लागली होती. आजी "काळी..." म्हणून थांबायची, आत्या खाकरायची, आणि मग सगळे मुलीकडे बघायचे. पूर्वी जो शब्द दिवसातून दहादा कानावरून जात होता, तो आता न उच्चारताच तिच्याकडे बोट दाखवू लागला होता. नुसत्या मनाईने घराची जीभ बदलत नाही, हे मला इतक्या वर्षांनंतर ठाऊक असायला हवे होते. आजीने आपल्या परीने समजूतही घातली होती : "माय, इठ्ठल बी काळाच हाय की." त्यावर नात म्हणाली होती, "त्याला कुठं कुणी बघायला येतंय?" आईने हे सांगितले तेव्हा मला हसू आवरले नाही. पण या उत्तरात पूर्ण वाद होता. सावळा रंगही सुंदर असतो, असे आपण मुलीला पटवायला जातो तेव्हा आपण तिला पुन्हा त्याच बघण्याच्या कार्यक्रमात बसवत असतो, फक्त यावेळी तिला पास करून टाकतो.

प्रकरण खरे उलगडले ते दुसऱ्या भेटीत, आणि तेही रंगाचा विषय बाजूला ठेवल्यावर. खो-खोत सूर कसा मारतात ते मला शिकव, असे मी तिला म्हटले. ती खुर्चीवरून उठली आणि सांगू लागली : खो मिळाला की कुठल्या पायावर उठायचे, समोरचा गडी खांबाकडे वळतोय हे कसे ओळखायचे, मग अंग झोकून द्यायचे, हात लांब करायचा आणि जमिनीवर पडताना... येथे ती थांबली आणि तिचा उजवा हात नकळत छातीकडे गेला. "पडताना इथं दुखतंय," ती म्हणाली. कधीपासून, तर दिवाळीपासून. मग बराच वेळ गप्प राहून, माझ्याकडे न बघता, "एकाच बाजूला गाठ आलीय."

'गाठ' हा शब्द तिने कुठून आणला हे पुढे कळले. दोन वर्षांपूर्वी तिच्या आईच्या मावशीला छातीत गाठ आली होती आणि त्यातच ती गेली होती. घरात त्यावर जे काही कुजबुजून बोलले गेले, ते मुलीने ऐकले होते. म्हणजे दिवाळीपासून एप्रिलपर्यंत, पाच महिने, ही मुलगी आपल्याला मावशी-आजीचाच आजार झाला आहे असे समजून जगत होती आणि एका शब्दाने कुणाला बोलली नव्हती. उन्हाळा सुरू झाला तरी ती शाळेच्या शर्टाच्या आत दोन समीज घालत होती. सूर मारला की कळ येते म्हणून तिने मैदान सोडले होते. विचारणाऱ्यांना मात्र तिने रंगाचे कारण दिले, कारण रंगाबद्दल त्या घरात बोलता येत होते.

त्याच दिवशी रुग्णालयातील महिला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आईच्या देखत तिला तपासले. काहीही वावगे नव्हते. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारणपणे आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान होते आणि बहुतेकींच्या बाबतीत तिची पहिली खूण म्हणजे स्तनाग्राखाली येणारी ही छोटी, कठीण, हात लावला तर दुखणारी गाठच असते. ती अनेकदा आधी एका बाजूला येते आणि दुसरी बाजू काही महिने मागे राहते. पाळी त्यानंतर बहुधा दोन ते अडीच वर्षांनी सुरू होते. याच काळात उंची झपाट्याने वाढते आणि मांड्या, कंबर भरू लागते, जे लठ्ठपणाचे लक्षण नव्हे. शाळेच्या नोंदीप्रमाणे ही मुलगी वर्षभरात सहा सेंटिमीटर वाढली होती, आणि तिची उंची व वजन वयाला शोभेल असेच होते. आठ वर्षांच्या आधी अशी खूण दिसली तर डॉक्टरांना दाखवायला हवे. दहाव्या वर्षी तिची वाटच बघायची असते.

हे सगळे मी मुलीला पाच मिनिटांत सांगू शकले असते. पण मला ते आईकडून सांगितले जायला हवे होते, कारण पुढची दहा वर्षे मुलगी माझ्या खोलीत नसणार, आईच्या स्वयंपाकघरात असणार. आई म्हणाली, "मला शब्दच येत नाहीत मॅडम." ही सबब नव्हती. आपल्या भाषेत या गोष्टीसाठी पाठ्यपुस्तकातला 'स्तन' आहे, जो घरात उच्चारला तर आपणच दचकतो, आणि दुसऱ्या टोकाला शिव्यांतले शब्द आहेत. मधल्या जागेत 'छाती' हा एक गरीब शब्द सगळ्यांचे काम करतो. पाळीसाठी 'शहाणी झाली', 'पदर आला' असे देखणे वाक्प्रचार आहेत, पण ते मुलीविषयी दुसऱ्याला सांगण्यासाठी आहेत, खुद्द मुलीला काही सांगण्यासाठी नाहीत. या आईला स्वतःला सातवीत असताना शाळेतच पाळी आली, तेव्हा आपल्याला काहीतरी लागले आहे असे तिला वाटले होते, आणि तिच्या आईने एक घडी केलेले कापड हातात देऊन तिला बाजूला बसवले होते. त्या दिवशी झालेले संभाषण एवढेच.

मग आम्ही शब्द ठरवले. छाती, पाळी, वयात येणे : एवढे पुरे होते. वेळही ठरवली, रविवारी सकाळी डोक्याला तेल लावतानाची. तेल लावताना मुलगी पुढे आणि आई मागे बसते, एकमेकींचे तोंड दिसत नाही, हातांना काम असते आणि निदान पंधरा मिनिटे कुणी उठून जात नाही. अवघड बोलण्यासाठी याहून चांगली बैठक मला माहीत नाही. आईने काय बोलायचे त्याची दोनदा तालीम केली. दुसऱ्या वेळी ती लाजेने पदरात तोंड लपवून हसत होती, पण वाक्य तिने पूर्ण केले.

प्रत्यक्षात ती काय म्हणाली, हे तिने पुढच्या भेटीत सांगितले ते असे. "तुझ्या छातीत जी गाठ आलीय ती आजाराची नाही. मावशीची वेगळी होती. ही सगळ्या पोरींना येते. मला बी आली होती, आत्याला बी. माझी तर आधी डाव्या बाजूला आली होती." मुलीने विचारले, "मग तू कुणाला सांगितलंस?" आई म्हणाली, "कुणालाच नाही. मी बी घाबरले होते." त्यानंतर मुलगी बराच वेळ बोलली नाही आणि मग तिने विचारलेला प्रश्न होता, दुखायचे कधी थांबेल. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त काम 'मी बी घाबरले होते' या वाक्याने केले, आणि ते आमच्या तालमीत नव्हते.

रंगाचा प्रश्न यानंतर संपला असे कुणी समजू नये. तो आता त्याच्या खऱ्या आकाराचा झाला, एवढेच. त्यावर मी माहितीने काम केले. कातडीला रंग देणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारखीच असते. फरक त्या पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य किती आणि कशा प्रकारचे तयार करतात यात असतो, आणि हे द्रव्य ऊन अडवण्याचे काम करते. उन्हाने आलेला काळेपणा ऊन कमी झाले की बराचसा उतरतो. जन्मजात रंग मात्र बेसन, साय, हळद किंवा लिंबू यांनी बदलत नाही. गुडघे आणि कोपरे तर जमिनीशी घासून जाड आणि गडद होतात, आणि खो-खो खेळणाऱ्या मुलीचे गुडघे तसे नसतील तर ती सूर मारत नाही असे समजावे. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम वापरले आणि ते तिला आवडले.

आईला मी घरातल्या सगळ्या मलमांच्या नळ्या पिशवीत घालून आणायला सांगितले. पाच निघाल्या. 1975 मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' 2020 मध्ये काढून तिथे 'ग्लो' आला, पण या घरात, आणि माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत, पाचही नळ्यांना जुन्याच नावाने हाक मारली जात होती. त्यांतली एक नळी मात्र सौंदर्यप्रसाधनाची नव्हतीच. आत्या जे मलम महिनोन्‌महिने तोंडाला लावत होती, ते स्टिरॉइड आणि हायड्रोक्विनोन असलेले औषध होते. अशा मलमांनी सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा दिसतो, मग कातडी पातळ होते, मुरुम आणि लाली येते, आणि मलम थांबवले की चेहऱ्याची आग होते. 2018 पासून अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत आहेत, पण ही नळी चिठ्ठीशिवाय मिळाली होती. आत्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. तिच्यापुरते हे प्रकरण स्वतंत्र आहे आणि येथे ते वाढवत नाही.

आईबरोबरचे खरे अवघड काम तिच्या स्वतःच्या शरीराविषयी होते. लग्नकार्याला निघताना ब्लाउजचे हूक लावता लावता "लई सुटले मी, कुठं दाखवायच्या लायकीची राहिले नाही," असे ती आरशासमोर रोज नाही तरी आठवड्यातून एकदा म्हणत असे, आणि दोन्ही मुली त्याच खोलीत असत. मुलीला सुंदर म्हणा असे मी तिला एकदाही सांगितले नाही. स्वतःबद्दल आरशात जे बोलता ते मुलींच्या देखत बोलू नका, एवढीच मागणी केली. यावर आई रागावली. तिला स्वतःला रंगावरून दोन ठिकाणी नकार आला होता आणि तिसरीकडे, म्हणजे याच घरात, हुंड्यात भर घालून तिचे लग्न झाले होते. "तुम्ही म्हणता रंगाचं काही नसतंय. असतंय मॅडम. पैसे मोजलेत माझ्या बापानं." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि नाही. जग रंग बघत नाही असे मुलीला सांगणे खोटे ठरेल, आणि ही मुलगी खोटे पकडण्यात किती पटाईत आहे हे 'निमगोरा'ने दाखवून दिले होते. शेवटी आम्ही एका वाक्यावर आलो, जे आई मुलीला प्रामाणिकपणे सांगू शकत होती : लोक रंगावरून बोलतात, मलाही बोलले, मला ते लागले, आणि ते बोलणे चुकीचे होते.

वडिलांशी एकच भेट झाली, तीही टेम्पो बाहेर उभा करून. दिवाळीच्या सुमारास त्यांनी मुलीला जवळ घेणे, टेम्पोत पुढे बसवून चक्कर मारून आणणे बंद केले होते, कारण "पोरगी मोठी व्हायली." मुलीने याचा अर्थ आपल्या अंगात काहीतरी बिघाड झाल्याचे बापालाही कळले आहे, असा लावला होता. हे ऐकून ते काही बोलले नाहीत. टेम्पोतली चक्कर मात्र पुन्हा सुरू झाली.

क्रीडाशिक्षकांना काय सांगायचे हे मी मुलीलाच ठरवू दिले. 'डॉक्टरांनी सध्या सूर मारू नको म्हटलंय' एवढेच सांगायचे असे तिने ठरवले. त्यांनीही जास्त विचारले नाही आणि जून महिनाभर तिला फक्त पळू दिले. गुडघ्यांवरचे लिंबाचे डाग दिवाळीपर्यंत फिके झाले. ती अजून कोपरे न्याहाळते, आणि उन्हातून आल्यावर हात एकमेकांशेजारी धरून बघते. ऑगस्टपासून ती सूर मारू लागली आहे. आईने स्टेटसला फोटो ठेवण्याआधी ते ॲप वापरणे बंद केलेले नाही, पण मुलीच्या फोटोंना ती आता आधी विचारते, आणि मुलगी नको म्हणते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या भेटीत आईने धाकटीबद्दल विचारले. ती सहा वर्षांची असून तिनेही सुरू केले आहे : मी गोरी का ताई गोरी? काय उत्तर द्यायचे, असे आईला मला विचारायचे होते. मी म्हटले, तुम्ही काय दिलेत? आई म्हणाली, मी देईपर्यंत थोरलीच बोलून गेली. मैदानावरून आली होती, बूट काढत होती. म्हणाली, "आधी पाय धू, मग रंग बघू."